हाताची साक्ष

सगळा क्लास जिला मावशी म्हणतो, तिनं चौदाव्या वर्षी भिंतीआडून एक भांडण ऐकलं होतं. थोरली बहीण आईला सांगत होती, "तिचे पाय म्हणजे पाटा-वरवंटा. नाचायला उभी केली तर लोक हसतील." आई म्हणाली, "पाय तुझेच राहू देत. पण जीभ तिची तुझ्याहून चलाख आहे. तिला नाचाचे बोल म्हणायला बसव, नाहीतर तुझा क्लासही नको मला."

तेव्हापासून मावशी जी खाली बसली, ती पंचेचाळीस वर्षं उठली नाही. शिंप्याच्या दुकानावरची खोली, ताई नाच शिकवायची आणि मावशी पढंत. म्हणजे पायांनी नाचण्याआधी ते बोल तोंडानं म्हणायचे आणि हातानं टाळी देत मात्रा मोजायच्या. "तोंड खोटं बोलेल, हात बोलणार नाही," असं ती पोरींना बजावायची.

यंदा परीक्षेला पाच मुली होत्या. आठ दिवस उरले तेव्हा तबलजी आले. मुलींनी तिहाई सुरू केली. एकच तुकडा तीनदा म्हणायचा, मध्ये दोन-दोन मात्रा थांबायचं आणि शेवटचं 'थेई' बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर टाकायचं. पाचही जणी एका सुरात सोळापैकी पंधराव्याच मात्रेवर येऊन थांबल्या. तबला आपला पुढे चालूच.

ताई कडाडली, "पाचही जणींचं एकदम कसं चुकतं? कानात बोळे घातलेत का?"

सगळ्यांत धाकटी, जिला सारे मुंगी म्हणत, ती पुटपुटली, "मावशींनी असंच शिकवलं."

मावशीनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. दोन मात्रा थांबायचं तिथं दोन्ही वेळा ती एकच थांबत होती. आणि हात? हातही मुकाट्यानं तोंडामागे फरफटत जाऊन टाळी आखडती घेत होता. गेल्या वर्षभरात एकदोनदा असा घोळ झाला होता, तिनं तो खोकल्याखाली लपवला होता.

"पोरींचं नाही, माझं चुकलंय," ती म्हणाली. "आणि ही पहिली वेळ नाही, ताई."

ताईनं घुंगरं सोडता सोडता मान वर केली नाही. "उद्यापासून पढंतीला माझी सूनबाई बसेल. तू शेजारी बस."

"शेजारी बसून काय करू, वारा घालू?"

"परीक्षेला ने-आण कर पोरींची. ते तुझंच काम." ताईचा आवाज जरा खाली आला. "दुसऱ्या कुणाबरोबर त्या जायच्याही नाहीत."

आठ दिवस सूनबाईनं ती तिहाई दुरुस्त केली. पण पाटीवरचं पुसता येतं, जिभेवरचं येत नाही.

परीक्षेच्या दिवशी मावशी पिना, कंगवा, पाण्याची बाटली घेऊन दाराबाहेरच्या बाकावर बसली. मुली एकेक करून आत गेल्या. तिची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. चौघी समेवर आल्या. शेवटी मुंगी. पहिला तुकडा बरोबर. मग पोर घाबरली आणि जुन्याच वाटेनं धावली. आतला तबला दोन मात्रा एकटाच चालला. या वेळी मावशीची बोटं बिनचूक होती, पण त्याचा उपयोग काय!

मुंगी बाहेर आली. "मावशी, जमलं का?"

"नाही गं. दोन मात्रा आधी आलीस. पण ती चूक माझी होती, तू नुसती उचललीस. घरी विचारलं तर तसंच सांग."

"आई तुम्हाला बोलेल."

"बोलू दे. मी काय विरघळणारे?"

मग तिनं पाचही जणींना रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं आणि एकेक घर करत निघाली. पहिली कोपऱ्यावर, दोघी एकाच इमारतीत, चौथी दवाखान्यामागे. मुंगीचं घर सगळ्यांत लांब. दारात उभं राहून मावशीनं घंटी दाबली, आई बाहेर येईपर्यंत पोरीचा हात सोडला नाही आणि नेहमीसारखं म्हणाली, "घ्या, पोहोचवली. पाणी कमी प्यायलीय."