भाकरीवरचा गूळ

नवरा जिवंत असताना मी त्याच्या नावानं एका हातातल्या बांगड्या फोडल्यात.

दुसरा हात धरला तो जिजीनं.

ती जिजी आज सकाळी गेली.

तिचं खरं नाव द्वारकाबाई. ग्रुपवर तिच्या फोटोला फुलं टाकणाऱ्या निम्म्या लोकांना हे आजच कळलं असेल. सुरतेच्या डिंडोलीत आमच्या खोल्यांच्या लाईनीत ती सगळ्यांचीच जिजी.

चौऱ्याण्णव साल. सुरतेत प्लेग.

लूमची खाती, म्हणजे कापडाचे कारखाने, बंद पडली आणि अर्ध्याहून जास्त लाईन बोचकी घेऊन मिळेल त्या गाडीनं गावी पळाली. मागे उरलो आम्ही, ज्यांचं माणूस दवाखान्यात होतं. माझ्या नवऱ्याला तापात उचलून नेलेलं. आत कोणाला सोडत नव्हते. मोबाईल वगैरे तेव्हा कुठला! पोरगी अंगावर पीत होती आणि टेन्शननं मला दूध उतरत नव्हतं.

मदत येत नव्हती असं नाही. रस्त्याच्या तोंडाशी टेम्पो यायचा. तोंडाला रुमाल बांधलेली भली माणसं ब्रेड, बिस्किटं, गोडसर खिचडी द्यायची. "लई लो बेन, लई लो."

मी घ्यायचे. घशाखाली उतरायचं नाही. भाकरीवर वाढलेला जीव, काय करणार!

जिजीनं ते पाहिलं. "लेकुरवाळीले पाव?" म्हणाली आणि स्टोव्ह पेटवला. उरलेल्या बायकांनी आपापल्या डब्यातलं ज्वारी-बाजरीचं पीठ तिच्या परातीत ओतलं. दुपारी प्रत्येक दारात गरम भाकर, सोबत ठेचा नाहीतर वांग्याची भाजी.

साथीमुळे एक नियम होता. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, कडी वाजवायची आणि लांब व्हायचं. आत यायचं नाही, बोलत बसायचं नाही.

मग भाजीबाजार बंद झाला. जिजीकडे बेसन तेवढं उरलं.

त्या दुपारी कडी वाजली. दार उघडलं. समोर कोणी नाही. उंबऱ्यावर झाकलेलं ताट. झाकण काढलं.

पिठलं-भाकर.

आमच्या जालन्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे कडू घास आणतात. तो पिठलं-भाकरीचा असतो, आणि आणणारा मुकाट ठेवून जातो.

मला दुसरं काही सुचलंच नाही.

पोरगी खाली ठेवली, हंबरडा फोडला आणि डावा हात उंबऱ्यावर आपटला. बांगड्यांचा चुरा झाला. शेजारच्या खोलीतल्या मालतीचा नवराही दवाखान्यातच होता. माझं ऐकून तीही रडायला लागली.

उजवा हात उचलला तेवढ्यात जिजी धावत आली. नियम गेला चुलीत. उंबरा ओलांडून तिनं माझं मनगट धरलं.

"कसाले रडस वं? काय व्हयनं?"

मी ताटाकडे बोट केलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे देवा! घरमा बेसनच व्हतं माय! तुना नवरा जित्ता शे. आमना धनी आत्तेच फाटकवर इचारी उना."

तिचे मालक रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन सगळ्यांची खबर आणायचे, हे खरं होतं. पण मी ऐकायच्या पलीकडे गेले होते.

"खोटं बोलतेस तू! धीर द्यायला बोलतेस!"

जिजी उठली, घरी गेली, आली ती गुळाचा खडा घेऊन. सरळ माझ्या तोंडात कोंबला.

"मयतना घर गोड कोनी देस का वं?"

तिनं देवाची शपथ घेतली असती तर मानली नसती. गूळ मानला.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ताटात भाकरीवर गुळाचा खडा. खडा दिसला की समजायचं, आपलं माणूस आहे.

खरं सांगू? त्यानं जीव आणखीच टांगणीला लागला. दुपारी कडी वाजली की झाकण काढायचं धाडस व्हायचं नाही, आधी बोट घालून चाचपायचे. एकदा गूळ संपला म्हणून जिजीनं साखरेची चिमूट ठेवली, ती वाफेनं विरघळून गेली. मी भाकर चाटून बघितली.

हसा. तेव्हा हसू येत नव्हतं.

आणि एका दुपारी जिजी ताट घेऊन निघाली, तर ताटावर झाकणच नव्हतं. खिडकीतून मला पिठलं दिसलं. भाकर दिसली. गूळ नव्हता.

ती माझ्या दाराकडे येत होती. मी पोरीला छातीशी घट्ट धरून उभी.

ती पुढे गेली.

मालतीच्या दारात. त्या दिवशी तिनं कडी वाजवली नाही. आत गेली आणि दिवेलागणीपर्यंत मालतीजवळ बसून राहिली.

माझा परत आला. नुसती हाडं आणि मोठाले डोळे. आल्या आल्या विचारतो काय, "डावा हात भुंडा का गं?"

म्हटलं, "तुमची पिठलं-भाकर येऊन गेली."

तेव्हापासून आमच्या घरात पिठलं शिजलं नाही. तोही कधी मागत नाही.

जिजीची परात मात्र नंतरही थांबली नाही. कोणी बाळंत झालं, कोणाचं खातं बंद पडलं, कोणी आजारी पडलं, की ताट पोचायचं. मीही भाकरी थापू लागले. वर गूळ असायचाच. नव्या सुनांना वाटायचं, ही जिजीकडची खान्देशी पद्धत असेल!

आज सकाळी जिजी गेल्याचा फोन आला. माझी पोरगी, तीच, आता तिशी ओलांडलेली, म्हणाली, "मम्मी, एमना घरे जमवानुं ऑर्डर करी दउं?"

म्हटलं, बाहेरचं जेवण नको.

बेसन काढलं. नवऱ्यानं न सांगता कांदा चिरायला घेतला.

भाकरी झाल्या. ताट भरलं. आणि सवयीनं हात गुळाच्या डब्यात गेला.

खडा हातात घेऊन उभीच राहिले. खूप रडले.

मग तो परत डब्यात ठेवला.

जिजी, आज कडी वाजवणार नाही. आत येऊन बसते.

सुखानं जा, माय.