नाव ठरेपर्यंत

शेजारी घुगऱ्या शिजताहेत, आणि त्या वासानं मला आखातातल्या खलिफा सिटीतलं भाच्याचं बारसं आठवलं. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगायचं होतं, पण पाळणा सजला, बायका जमल्या, तरी ते ठरलेलं नव्हतं. भावाला वर्षापूर्वी गेलेल्या बाबांचं नाव हवं होतं आणि आयरिश वहिनीला तिच्या आजोबांचं, रोनन. "बाबांचंच नाव. खलास," भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला. "मग हाकही तूच मारत बस," वहिनी इंग्रजीत म्हणाली. तिनं बाळाला पाळण्यात ठेवलं, पण त्याच्यावरचा हात काढला नाही. मी वाकले, तरी काय सांगायचं ते मला कळेना. तेव्हा मागून आई भावाला म्हणाली, "अरे, जन्मात कधी ह्यांचं नाव घेतलं नाही मी. नातवाला हाक कशी मारू?" भाऊ मान खाली घालून पाळण्यापासून मागं सरला. मी बाळाच्या कानात 'रोनन' म्हटलं, आणि वहिनीचा हात सैल झाला. पुढं आई दिवसभर त्याला हाका मारायची. यंदा ती गेली. शेवटच्या सकाळी, डोळे मिटलेले असताना, तिनं बाबांना हाक मारली, त्यांचं नाव घेऊन.