टर्कीची आंघोळ

हर्षवर्धन कारखानीसला चांगल्यावर समाधान मानता येत नसे. तो त्याचा स्वभावही होता आणि पोटापाण्याचा उद्योगही. आयर्लंडमधल्या गॉलवेतल्या एका कारखान्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या बनत. त्या भिंगाखाली धरून त्यांतला दोष हुडकायचा, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी आला की भिंग कारखान्यात राही, पण डोळे बरोबर येत. पोळीचा काठ, पडद्याची चूण, मुलीचं अक्षर, काहीच त्यातून सुटत नसे. माधवी, त्याची बायको, हसून म्हणायची, "आले तपासणी अधिकारी. स्वरा, ताठ बस."

पुढे पुढे ती हसायची थांबली. भांडण असं कधी झालं नाही. दोन माणसं एकाच रंगमंचावर उभी आहेत आणि दोघांचेही संवाद संपले आहेत, असं काहीसं झालं. तिला दूर डंडॉकला, ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. ती गेली, बारा वर्षांची स्वराली तिच्याबरोबर गेली, आणि गॉलवेच्या घरात हर्षवर्धन उरला.

यंदाचा नाताळ मात्र त्याच्या वाट्याला आला होता. दोघांनी समजुतीनं ठरवलं होतं, या वर्षी स्वराली बाबाकडे. पुढच्या वर्षापासून नाताळ कुठे करायचा ते तिचं तिनं सांगायचं. म्हणजे हा एकच प्रयोग. तो रंगला तर पोर पुन्हा येणार.

म्हणून त्यानं ऑक्टोबरातच टर्की सांगून ठेवली. दुकानातली नाही, शेतावरची.

या टर्कीमागे जुनी गोष्ट होती. आयर्लंडमधल्या पहिल्या नाताळात माधवीनं मोठ्या हौसेनं दुकानातून गोठवलेली टर्की आणली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. ती वितळायला दोन-तीन दिवस लागतात, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. चोवीस तारखेला दुपारी बाहेर काढली तर नुसता दगड. हातोडी घ्यावी की आरी, अशी चर्चा चालू असताना शेजारच्या केनीबाई आल्या आणि म्हणाल्या, "बाथटबमध्ये गार पाण्यात बुडवा. अर्ध्या अर्ध्या तासानं पाणी बदलत राहा. सगळं ग्रँड होईल." ग्रँड म्हणजे तिकडच्या बोलीत ठीकठाक.

माधवीनं टर्की टबात सोडली, आणि दिवाळीतल्या उटण्याची उरलेली पुडी आणून चिमूटभर वरच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर चोळलं. "अभ्यंगस्नान झाल्याशिवाय फराळ नाही," ती म्हणाली. चिमुकली स्वराली टबाच्या काठाला धरून टाळ्या पिटत होती.

दुसऱ्या वर्षापासून सगळं ठाऊक असूनही टर्की फ्रीजरमधून चोवीस तारखेलाच बाहेर यायची. पाणी बदलायच्या पाळ्या ठरल्या. पहिली बाबाची, दुसरी स्वराची, तिसरी आईची, मग पुन्हा बाबाची. स्वयंपाकघरातलं कोंबडीच्या आकाराचं गजराचं घड्याळ कुकारलं की ज्याची पाळी त्यानं जिना चढायचा. टब अडलेला, म्हणून त्या दिवशी घरात कुणाची आंघोळ नाही. "आख्ख्या गॉलवेत आज आपणच पारोसे," माधवी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दही, आलं-लसूण आणि काळा मसाला माखून टर्की भाजली जाई, आणि दर वर्षी ती कोरडी होई. हर्षवर्धन पहिला घास चावून दर वर्षी तेच म्हणे, "पुठ्ठा झालाय. पुढच्या वर्षी शेतावरची आणू." दर वर्षी माधवी म्हणे, "आण."

ती आता त्यानं आणली. तेवीस तारखेला तो अथेनरायजवळच्या शेतावर गेला. पॅड्रिक नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं खोकं पुढे केलं.

"जेवायला किती जण?"

"दोघं."

"दोघं?" पॅड्रिकनं टोपी मागे सारली. "अरे बाबा, हिच्यावर तुम्ही दोघं ईस्टरपर्यंत जेवाल. वर्षभर गवतावर हिंडलीय ही. काही करू नकोस तिला, थेट ओव्हनमध्ये घाल."

हर्षवर्धननं खोक्यात डोकावून पाहिलं. कातडीवर डाग नाही, मांस घट्ट, रंग मोत्यासारखा. दोष काढायला जागाच नव्हती. घरी येताना तो गाडीत शीळ घालत होता.

चोवीस तारखेला दुपारी अर्ध्या वाटेवर, मलिंगरजवळच्या पेट्रोल पंपावर माधवीनं स्वरालीला त्याच्या हवाली केलं. "दमली असेल, जेवायला घाल," एवढंच ती म्हणाली.

घरी पोचल्यावर स्वरालीनं बूट काढले, कोट दारामागे टाकला आणि धाडधाड जिना चढून गेली. वर बाथरूमचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही.

बऱ्याच वेळानं ती खाली आली. "बाबा, व्हेअर इज शी?"

"कोण?"

"द टर्की."

"फ्रिजमध्ये. ये, दाखवतो. शेतावरची आहे, ताजी. या वर्षी पुठ्ठा नाही. वितळवायची भानगडच नाही."

स्वरालीनं फ्रिजमध्ये पाहिलं. आपल्या बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर बक्षिसाची वाट बघणाऱ्या माणसाचं हसू होतं. पोर शहाणी होती.

"इट्स ग्रँड, बाबा," ती म्हणाली. आणि हळूच पुढे म्हणाली, "सो आय कॅन हॅव अ बाथ, आय सपोज."

भिंगाखाली केसाएवढा तडा दिसला की त्याच्या हाताला नकळत एक झटका बसायचा. तसा आत्ता बसला. त्यानं गाडीची किल्ली उचलली. "दूध संपलंय," म्हणाला आणि बाहेर पडला.

दुकानं लवकर बंद होणार होती. पहिल्या दुकानात गोठवलेल्या टर्कीचा कप्पा रिकामा. दुसऱ्या दुकानातही. तिसऱ्यात कोपऱ्यात एक पडली होती, वेष्टन चुरगळलेलं, एक पंख वाकडा. कारखान्यात असता तर त्यानं ती बाजूला काढली असती. त्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दूध न घेताच परत आला.

स्वरालीनं पाहिलं आणि टबाचा नळ सोडला. कपाटाच्या तळाशी उटण्याची जुनी पुडी तिनंच शोधून काढली. वास उडाला होता. तिनं चिमूट घेऊन प्लॅस्टिकवर चोळली, अगदी आईसारखी, गोल गोल.

"आज आपण पारोसे," ती चक्क मराठीत म्हणाली. हर्षवर्धनला वाटलं, जमलं. प्रयोग रंगला.

बाहेर अंधारून आलं होतं. घड्याळाची कोंबडी कुकारली. पहिली पाळी बाबाची. त्यानं जिना चढून पाणी बदललं. खाली येऊन दोघं पत्ते खेळत बसली. पोर हसली, त्याच्यावर पत्ते चोरल्याचा आळही घेतला. कोंबडी पुन्हा कुकारली. स्वराली दोन दोन पायऱ्या एकदम चढत वर गेली आणि बाह्या ओल्या करून आली.

आणि मग तिसरी घंटा झाली.

नाटकात तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. इथे ती वाजली आणि दोघंही जागची हलली नाहीत. कोंबडी टेबलावर थरथरत कुकारत राहिली आणि चावी संपून आपली आपण गप्प झाली.

"मी जातो," हर्षवर्धन उठला.

"नको." स्वराली पत्त्यांकडे बघत होती. "ती आईची आहे."

"स्वरा, पाणी बदलायला हवं."

"आय नो."

तिनं फोन घेतला आणि वर गेली. तो मागोमाग गेला, पण दाराबाहेरच थांबला. उघड्या दारातून फोनच्या पडद्यावर माधवी दिसली. तिच्या मागे छोटंसं स्वयंपाकघर, ओट्यावर भाजायला काढलेली एकटीपुरती कोंबडी.

"आई, तुझी पाळी आली."

"कसली गं?"

स्वरालीनं फोन टबाकडे वळवला. वाकड्या पंखाची ती टर्की पाण्यात हेलकावत होती आणि उटण्याचा पिवळा तवंग कडेला जमला होता.

"बाबा कुठेय?" माधवीनं विचारलं.

"आउटसाइड द डोअर."

मग माधवी म्हणाली, "स्वरा, मी थोड्या वेळानं करते हं फोन," आणि पडदा काळा झाला. थोडा वेळ झाला, बराच वेळ झाला. फोन आला नाही. त्या पाळीचं पाणी कुणी बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी टबातली टर्की भाजली. बाहेरून करपली, मधे हाडाशी कच्ची राहिली. काठाकाठाचं कापून दोघांनी पानात घेतलं. हर्षवर्धननं पहिला घास खाल्ला. तो चावत राहिला. स्वराली त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हण ना," ती म्हणाली.

"काय?"

"पुठ्ठा."

"छान झालीय," तो म्हणाला.

तेव्हा पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती बोलली. बोलली इंग्रजीत, पण त्याला शब्दन् शब्द मराठीतच ऐकू आला. पुढच्या वर्षी मी आईकडे थांबेन, बाबा. इथं मला सारखं वाटतं, ती वरच्या मजल्यावर आहे. तिच्या फ्लॅटला टबच नाही, नुसता शॉवर आहे. तिथं तसं वाटत नाही. तू रागावलास?

"नाही गं, माझ्या सोन्या," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं." आणि तिचं नाक पुसायला त्यानं हातरुमालाची घडी मोडली. ती घडी तो एरवी कुणाला मोडू देत नसे.

सव्वीस तारखेला पेट्रोल पंपावर वारा बोचरा होता. स्वराली आईच्या गाडीत जाऊन बसली. हर्षवर्धननं डिकीतून पॅड्रिकचं खोकं काढलं, बर्फात नीट बांधलेलं.

"हे ने. टर्कीला आम्ही हात लावला नाही. उद्यापर्यंत चांगली राहील."

माधवीनं झाकण जरासं उचलून पाहिलं. "शेवटी आणलीस शेतावरची."

"हो. हिला काही करावं लागत नाही. थेट ओव्हनमध्ये."

माधवीनं झाकण बसवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"पाणी नाही, पाळ्या नाहीत. काहीच नाही ना," ती म्हणाली, आणि खोकं उचलून गाडीकडे वळली.