राग न येणारं खातं

जोतीराम चौगुलेंनी एकवीस वर्षं महापालिकेच्या जकात नाक्यावर काढली. वर कांद्याची पोती दिसली की खाली नक्की पितळेची भांडी असणार, हे धरूनच ते ट्रकला हात करायचे. जकात गेली, नोकरी संपली, पण संशय काही निवृत्त झाला नाही. दारात आलेल्या पोस्टमनचंही ते आधी नाव विचारायचे, मग पत्र घ्यायचे.

अशा माणसाला लेकीनं, क्रांतीनं, ‘कट्ट्या’च्या दारावर बसवलं. कट्टा म्हणजे तिनं चार मित्रांना घेऊन चालवलेला गप्पांचा सर्व्हर. त्यावर कुणा बड्या कंपनीची मालकी नाही. लोकांनी जागोजागी असे हजारो छोटे सर्व्हर चालवलेत, ते एकमेकांना जोडलेले, आणि कुठल्याही एकावर खातं काढलं की बाकीच्यांशीही बोलता येतं. गेल्या महिन्यात कट्ट्यावर सतरा खोटी खाती घुसली. माणसं नव्हतीच ती, यंत्रं. एका दुपारीत त्यांनी जगभर जुगाराच्या जाहिराती पेरल्या. बाहेरच्या सर्व्हरवाल्यांनी निर्वाणीचं कळवलं, पुन्हा असं झालं तर तुमच्याशी संबंध तोडू. म्हणून आता प्रत्येक नवा अर्ज जोतीराम तपासत.

तपासायची रीतही खास त्यांची होती. ते अर्जदाराला सरळ डिवचायचे. यंत्राला राग येत नाही, हा त्यांचा सिद्धांत. मुरगूडच्या एकाला त्यांनी लिहिलं, “पावणं, नावावरनं तर चोर वाटताय.” त्यानं उलट विचारलं, “कट्टा तुझ्या बाचा हाय व्हय रं?” जोतीराम खूश झाले. गडी लगेच आत.

मग ‘सुईदोरा’ नावाचा अर्ज आला. फोटो नाही, गाव नाही. शिवणकाम करणाऱ्यांशी बोलायचं आहे, एवढंच. जोतीरामांनी विचारलं, “चार वळी लिवायची अक्कल हाय का?”

उत्तर आलं, “कमी आहे. शिकेन.”

“असल्यास्नी हितं जागा न्हाय.”

“बरं. जागा झाली की कळवा.”

त्यांनी अर्ज फेटाळला. चार दिवसांनी तोच अर्ज, तसाच्या तसा. त्यांनी शेलक्या शिव्या घातल्या, तरी पलीकडून तोच शांतपणा. असं तीनदा झालं. जिवंत माणूस एवढं ऐकून घेईलच कसा? जोतीरामांच्या अंगावर काटा यायला लागला. हे कोण चालवतंय, कुठून चालवतंय, कशावर टपून बसलंय, काही थांग लागेना.

रविवारी दुपारी जेवताना ते क्रांतीला म्हणाले, “लई पोचल्यालं यंत्र हाय ते. कितीबी बोला, बरं म्हणतंय. कायमचं बंद करून टाक त्याला.”

क्रांतीनं आईकडं बघितलं. आक्काताई तव्यावरची भाकरी उलटत होत्या.

“यंत्र न्हाई ते,” त्या म्हणाल्या. “मी हाय.”

जोतीराम तिच्याकडं वळले. “तू? मग आधी सांगायचं न्हाईस व्हय?”

“सांगितलं असतं तर ‘तुला काय कळतंय त्यातलं’ म्हणाला असता.”

“आणि मी येवढं बोललो, त्याचा राग न्हाई आला?”

“आला की. पण उलटं बोलायची सवय कुठाय मला? तीस वर्षं तुमी असंच बोलताय.”

जोतीराम खाली मान घालून आमटी कालवत राहिले. त्यांना मनापासून लाज वाटली. नाक्यावर त्यांनी कधी कुणाला सोडलं नव्हतं, आणि घरात कोण काय गिळतंय ते कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं मोबाइल ओढला. “थांब, आत्ता घेतो तुला आत.”

“ऱ्हाऊ द्या. पेठ वडगावच्या बायका एक सर्व्हर चालवत्यात, तिथं परवा काढलं मी खातं. नाव इचारलं, या म्हणाल्या. तिथनंबी कट्ट्यावरचं सगळं दिसतंय.”

“मग मी लिवल्यालंबी दिसत असंल,” जोतीराम जरा आशेनं म्हणाले.

“तुमचं तेवढं दिसत न्हाई,” आक्काताई म्हणाल्या. “ते मी बंद केलंय.”