कमिटीने पुसलेले एकोणीस फोटो

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीला चाळीस वर्षं झाली म्हणून कमिटीने तळमजल्यावर, लिफ्टसमोरच्या भिंतीवर, संस्थापक सभासदांच्या फोटोंचा फलक लावला. चोवीस फोटो, सहा-सहाच्या चार ओळी. सगळे कृष्णधवल. चोवीसपैकी पंधरा जण आज नाहीत, नऊ आहेत. त्या नवांमध्ये माझी आई. दुसऱ्या ओळीत पाचवी, डावीकडे-उजवीकडे गेलेली माणसं.

आईचा फोटो मी रंगीत दिला होता. दिवाळीत गॅलरीत मीच काढलेला.

मी सेक्रेटरींना गाठलं. ते माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, उत्साही गृहस्थ.

"अहो, पाच फोटो मुळातच जुने, ब्लॅक अँड व्हाइट होते," ते म्हणाले. "मग बाकीचे एकोणीस तसे करून टाकले. मोबाइलवर एक बटण दाबायचं काम. सगळं कसं एकसारखं दिसतंय बघा. क्लासिक लुक!"

"पाचांसाठी एकोणीस बिघडवले? कुणाला विचारून?"

"ग्रुपवर टाकलेलं ना. दहा अंगठे आले."

"फ्लॅट चोवीस आहेत."

"पण नको कुणीच म्हणालं नाही!"

मला संताप आला तो याचा. आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर फलक असतात. वाढदिवसवाला रंगीत असतो, गेलेला करडा असतो. माजिवड्याहून रिक्षाने येताना अक्षरं वाचावी लागत नाहीत, लांबूनच कळतं शुभेच्छा आहेत की श्रद्धांजली. हे सगळ्या ठाण्याला कळतं आणि आमच्या कमिटीला कळत नाही?

दुसऱ्याच दिवशी त्याचं फळ मिळालं. कुणीतरी फलकावरचा आईचा तेवढा फोटो मोबाइलवर घेतला आणि "आमच्या सोसायटीचा आधारस्तंभ" असं लिहून, खाली हात जोडून, पुढे पाठवला. तो फिरत फिरत कोपरला माझ्या मामेभावाकडे पोचला. त्याचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. आईने उचलला. त्याने आवाजही ऐकून घेतला नाही.

"कधी गेली रे आत्या? आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस!"

"अजून नाही गेले," आई म्हणाली. "गेले की कळवेल तो."

हे सांगताना ती हसली, म्हणून मीही हसलो. पण त्या संध्याकाळी ती खाली गेली नाही. रोज साडेपाचला उतरून सात वाजेपर्यंत बाकावर बसणारी बाई. गुडघा दुखतोय म्हणाली. दुसऱ्या दिवशी ऊन आहे म्हणाली. चौथ्या दिवशी मी खोदून विचारलं.

"लिफ्टचं दार उघडलं की समोर मीच दिसते रे, त्या सगळ्यांच्यात," ती म्हणाली. "वाटतं, आपणच उशीर करतोय."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्याच घराच्या दारात असं वाटायला लावायचं, आणि वर त्याला क्लासिक लुक म्हणायचं!

मी अर्ज लिहिला. हयात सभासद नऊ, त्यांची यादी जोडली, नऊही जणांचे फोटो तात्काळ रंगीत करावेत अशी मागणी केली आणि मीटिंगमध्ये तो वाचून दाखवला. हजर सतरा जण. माना डोलल्या. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले.

"तुमच्या यादीत आमचे हे नाहीत."

"काकू, यादी हयात सभासदांची आहे."

"कळतंय मला. पण ह्यांचाही फोटो मी रंगीतच दिला होता. लाल स्वेटरमधला. एकोणीस पुसले ना? तुम्ही नऊ मागताय. उरलेल्या दहांनी काय घोडं मारलंय? गेले म्हणून त्यांचा रंग गेला?" मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि उद्या तुमच्या आईचं काही झालं, की पुन्हा बटण दाबायचं? नऊचे आठ तुम्हीच करून देणार ना?"

इतका वेळ मी सेक्रेटरींवर चिडलो होतो, आणि माझा अर्ज त्यांच्याच बटणासारखा निघाला. मी पेन काढलं, नऊ खोडून एकोणीस केले, 'हयात' शब्दावर रेघ मारली आणि हात वर करायला सांगितलं. चौदा हात. मंजूर.

"ठीक आहे, नवा छापून येईल," सेक्रेटरी म्हणाले. "तोपर्यंत हा असू दे. भिंत मोकळी दिसेल."

"दिसू दे."

मी वर जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला. चार स्क्रू. फलक काढून सोसायटीच्या ऑफिसात भिंतीकडे तोंड करून ठेवला. 'परवानगीवाचून मालमत्ता हलवली' असं पत्र मला दुसऱ्या दिवशी मिळालं. मी चौदा हातांचा उल्लेख करून उत्तर दिलं आहे.

आईला सगळं सांगितलं, काकू काय म्हणाल्या तेही. मला वाटलं होतं, तिला लागेल.

"बरोबर बोलली ती," आई म्हणाली. "तू केलेच असतेस आठ." आणि चपला शोधायला लागली.

मी लिफ्टचं तळमजल्याचं बटण दाबलं. तिने माझा हात बाजूला केला आणि दोन नंबर दाबला.

"आधी तिला बोलावते," ती म्हणाली. "एकटीच घरात बसते ती, तीन वर्षं झाली."