सतरंजीचं दुसरं टोक

पोरं पसारा आवरत नाहीत, रुसली की तोंड उघडत नाहीत, अशी तक्रार घेऊन फिरणाऱ्या सातपूरच्या तमाम आई-बापांनो,

आपल्या पोरांना हे दोन्ही शिकवणाऱ्या बाई परवा गेल्या. आणि त्यांना आडवा आलेला पहिला बाप मी होतो.

सरलाबाई. आमच्या कामगार वसाहतीतली बालवाडी. पत्र्याची एक खोली, लाकडी ठोकळे, चाकं निघालेल्या गाड्या आणि एक मोठी निळी सतरंजी.

सुटायच्या आधी आवराआवर. ठोकळे डब्यात, पाट भिंतीशी. सतरंजी शेवटी. ती उचलायचा मान त्या दिवशी भांडलेल्या दोघांचा.

दोघांनी दोन-दोन टोकं धरायची. टोकं जुळवायला एकमेकांकडे चालत यायचं. शेवटच्या घडीला हाताला हात लागायचा.

तेव्हा बाई विचारायच्या, "हं. आता सांगा, काय झालं?"

ओरडणं नाही, उठाबशा नाहीत.

दोन हजार सात-आठ असेल. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर निखिलला न्यायला गेलो. माझा पाच वर्षांचा पोरगा सतरंजी धरून उभा. समोर रमेश, सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या घरातला. दोघांचे गाल ओले.

माझं डोकं फिरलं.

मी कामगार संघटनेत सतरंज्या उचलत वर आलो. सभेआधी अंथरायच्या, सभेनंतर झटकायच्या. कितीतरी वर्षांनी माईक हातात आला.

"बाई, सतरंज्या मी उचलल्यात. माझा पोरगा उचलणार नाही. त्याला स्टेजवर बसायचंय!"

"बसू दे की. पण खाली कोणाशी वाजलं, तर स्टेजवरून मिटवणार कसं?"

"माईक असतो ना!"

"माईकवर वाढतं हो, भाऊ."

मी पोराला उचललं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, निखिलला सतरंजीला हात लावू द्यायचा नाही. बाईंकडून उलट शब्द आला नाही. मला वाटलं, जिंकलो.

गेल्या दिवाळीत निखिलनं इंजिनीअरिंग सोडलं. पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "बापाचं नाव घालवलंस."

तेव्हापासून एका घरात आम्ही त्याच्या आईमार्फत बोलतो. "आई, बाबांना सांग, त्यांचा फोन वाजतोय." फोन माझ्या शेजारी, मी त्याच्या शेजारी.

कंपनीच्या गेटवर हजार माणसं एका आवाजात उठवणारा मी. ताटावर पोराला "भाजी घे" म्हणायला जीभ रेटत नव्हती.

काल बालवाडीच्या अंगणात बाईंची शोकसभा झाली. मी बोललो. संस्कार, पिढ्या, दीपस्तंभ, एक शब्द सोडला नाही. टाळ्या येता येता राहिल्या.

लोक चहा पिऊन पांगले. अंगणात सतरंजी तशीच. तीच, निळी, आता विटलेली.

मी चपला शोधत होतो. मागे वळलो, तर निखिल दोन टोकं धरून उभा. माझ्याकडे बघत.

खरं सांगतो, मी एखाद्या कार्यकर्त्याला हाक मारणार होतो.

कोणीच नव्हतं. मी वाकलो, टोकं उचलली.

"बाबा, पीळ पडलाय. सोडवा."

कित्येक महिन्यांनी माझ्याशी थेट बोलला.

एक घडी. चाललो. दुसरी घडी. चाललो. हाताला हात लागला.

"तुला अजून येतं?" मी विचारलं.

"भांडलो की उचलायचोच. तुम्ही नाही म्हटल्यावर एक दिवस दारात बसलो. रमेश एकटाच टोकं धरून थांबला. कोणी दुसरं आलं तरी देईना. 'निखिलच पायजे,' म्हणाला. मग गेलो."

"आणि बाई?"

"म्हणाल्या, मोठा झालास की बाबांना सांग. आत्ता त्यांना झेपणार नाही."

मग त्यानं घडी छातीशी धरली आणि विचारलं,

"हं. आता सांगा, काय झालं?"

माझ्याकडे भाषण नव्हतं. एवढंच म्हणालो, "चुकलो रे."

पायरीवर बसलो दोघं. तो बोलला, मी ऐकलं. मध्ये दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मिटलं.

लाज वाटते, बाई. पाच वर्षांच्या पोरांना जे झेपलं, ते मला तुम्ही गेल्यावर जमलं. तुमच्या हयातीत एकदा दारात येऊन सांगायला हवं होतं. आता हा नमस्कार तेवढा घ्या.

आणि आई-बापांनो, खाली हात जोडलेले इमोजी नकोत.

आज घरातली एक चादर काढा. दोन टोकं स्वतः धरा, दोन लेकराच्या हातात द्या.