मिरजेहून वहिनी यायच्या आत

आमच्या माधवनगरच्या रविवारच्या बैठकीतले किस्से वायरींसारखे आहेत. एक ओढावा, तर गुंता सुटत सुटत सगळेच बाहेर येतात. हे सगळे एकाच इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे. बोर्ड काड्यापेटीएवढा आणि त्याच्यामागे लागलेले आम्ही तिघं पन्नाशीपुढचे: मी, बँकेतून निवृत्त झालेले बापू आणि फौजेतले माजी सुभेदार अण्णा.

अण्णांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. विहिरीवर जाऊन मोटार लावायचं काम कायम त्यांचं, ते आता जमणार नव्हतं. म्हणून या बोर्डाने मोटार फोनवरून चालू करायची. "ती घरला यायच्या आत झालं पायजे," अण्णांनी बजावलं. रोज फोनवर ते वहिनींना सांगायचे, "रानाची काळजी करू नगंस. पाणी येळच्या येळी चाललंय."

त्यासाठी लॅपटॉपवरून बोर्डात प्रोग्रॅम भरायचा, आणि आधी बोर्ड लॅपटॉपला दिसायला हवा होता. दिसेना!

* * *

पहिला संशय केबलवर. बापूंनी श्रीखंडाचा डबा भरून केबली आणल्या. बोर्डाचा दिवा लागे, लॅपटॉप ढिम्म.

"बापू, यातल्या निम्म्या नुसत्या चार्जिंगच्या. त्यांतून प्रोग्रॅम जात नाही." मी दिवसभर बसून त्या निवडून बाजूला काढल्या.

पुढच्या रविवारी डबा पुन्हा गच्च!

"बापू, हे काय?"

"अहो, चांगल्या केबली टाकवतात का?"

* * *

एकदा लॅपटॉपवर नवं उपकरण दिसलं. मी हर्षाने प्रोग्रॅम पाठवला. एरर. पुन्हा पाठवला. पुन्हा एरर. सकाळ गेली.

शेवटी बापूंनी गळ्यात अडकवलेला ब्लूटूथ हेडफोन बंद केला आणि उपकरण नाहीसं झालं!

* * *

मग मी भिंग घेऊन बोर्डाच्या केबल खोचायच्या खाचेत पाहिलं. आत लाल-पिवळं काहीतरी ठासून भरलेलं.

"अण्णा, हे कुंकू?"

"खंडेनवमीला समदी हत्यारं पुजली. हे नवं हाय म्हणून हळद-कुंकू जरा जास्त वाहिलं."

टाचणीने खाच कोरली. बोर्ड दिसला!

* * *

प्रोग्रॅम भरताना बोर्डावरचं बारकं बटण दाबून धरावं लागतं. "अण्णा, मी सांगेपर्यंत सोडू नका."

प्रोग्रॅम भरला. आनंदाच्या भरात बापू आणि मी खाली चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर अण्णा बटण दाबून ताठ उभे, अंगठा पांढराफटक.

"अहो, सोडा की आता!"

"हुकूम कुठं आलता?"

* * *

वहिनी यायच्या दिवशी सकाळी बोर्ड विहिरीवरच्या स्टार्टरला बसवला. अण्णांनी वहिनींची रिक्षा घरी न नेता थेट बांधाशी आणली.

"आता बघ गंमत," म्हणत त्यांनी फोनवर बोट ठेवलं. बोर्डात टक् झालं. हिरवा दिवा लागला. मोटार मात्र गप्प!

"केबल!" बापू ओरडले.

"पुन्हा खाच बघू," मी म्हणालो.

"लय झालं रं गड्या!" अण्णा कपाळाला हात लावून बांधावर बसले.

वहिनींनी रिक्षातूनच दवाखान्याच्या पिशवीत हात घातला आणि रुमालाची पुरचुंडी काढली. आत मोटारीचे तिन्ही फ्यूज.

"जाताना काढून नेलं हुतं. माघारी कुणी परस्पर मोटार लावू नये म्हणून."

मग त्यांनी रानातल्या सुकलेल्या उसाकडे एकदा पाहिलं आणि अण्णांकडे एकदा.

"आवं, मग रोज फोनवर पाणी पाजत हुता ते कुठल्या मोटारीनं?"